घागरीवरचं नाव

साक्षरता वर्गात बायका टिकेनात, तेव्हा वैदेहीबाईंनी पुस्तकं बाजूला ठेवली. "उद्या घरातलं नाव घातलेलं एकेक भांडं आणा. तेच वाचू."

दुसऱ्या दिवशी साठीची मालन सगळ्यांच्या आधी हजर. कडेवर चिंचेनं लख्ख घासलेली पितळी घागर. माहेरची ती मायाक्का. चौऱ्याऐंशी साली लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'मालन' लिहिलं, तेव्हापासनं मालन.

"चाळीस वर्सं हिनंच पाणी भरतीय की बाई. मालक म्हणत्यात, तुजंच नाव हाय तिच्यावर, जपून घास."

अक्षरांवर बोट ठेवत ती वाचू लागली. "मा... ल... न." मग लाजत, पदर तोंडाला लावून नवऱ्याचंही नाव वाचलं, "सिद्धराम. व्हय की! माजंच नाव!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वैदेहीबाईंची नजर मात्र नावाखालच्या सालावर गेली होती. १९८२. त्यांनी पटकन घागरीवर हात ठेवला.

मालननं तो हळूच बाजूला सारला.



"बाई, माज्या नावाच्या आदी हे 'कै.' कशाला लिवलंय?"