मुकादमाचा प्याला

"बाप्तिस्मा दिला? त्या मारुतीरावाला?" निपाणीच्या ख्रिस्ती देवळाच्या पायरीवरच राजाबाईनं पाळकसाहेबांना गाठलं. "दहा आज्ञा तोंडपाठ झाल्याबिगर माझ्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला न्हवता तुम्ही. ह्याला आज्ञा ठावं हाईत त्या मोडलेल्या तेवढ्याच!"

मारुतीराव तंबाखूच्या वखारीचा मुकादम. राजाबाईचा नवरा भावकू बाजारात हलगी वाजवून शुभवर्तमान सांगायचा, तेव्हा ह्याच मुकादमानं माणसं घालून त्याचा पाय मोडला होता. भावकू मरेपर्यंत लंगडला. आता त्याच बाजारात मुकादमानं तेच शुभवर्तमान ऐकलं आणि म्हणे ढसाढसा रडला.

रडायला काय जातंय!

"आक्का," पाळकसाहेब हळू म्हणाले, "कृपा लायकी बघून मिळत न्हाय. देव ज्याला बोलावतो, त्यो येतो."

"बोलवायच्या आधी मला एकदा इचारायचं हुतं की त्यानं!"

"तुम्हाला बोलावलं, तवा कुणाला इचारलं हुतं?"

राजाबाई जास्तच भडकली. पदर खोचून आत गेली, तर बायकांच्या रांगेत शेवटची जागा तेवढी उरलेली. तिच्या पलीकडं, दाराशी, एकटा मारुतीराव मांडी घालून बसलेला.

प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा प्याला एकच. आपण ओठ लावायचे, शेजारच्याच्या हातात द्यायचा. शेजारच्या मनुबाईनं तो राजाबाईकडं दिला आणि कुजबुजली, "फुडं मुकादम हाय गं."

"दिसतोय मला. बसू दे."

ती प्याली. आणि प्याला धरूनच बसली. भावकूच्या मोडक्या पायासाठी तरी हा प्याला इथंच थांबायला हवा होता.

मारुतीरावानं मान वर केली नाही. दोन्ही हातांची ओंजळ करून त्यानं ती तोंडाशी नेली आणि तसाच वाकून राहिला. वखारीत कामाला असताना राजाबाईला तहान लागली की तो तिला अशीच ओंजळ करायला लावायचा. मग विटाळ नको म्हणून वरून, लांबून, धार सोडायचा.

राजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ओंजळ काढ ती!" ती सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशी खेकसली. "हितं कुणाला वरनं वतून देत न्हाईत. धर हातात. आन् तोंड लाव. मी लावलंय तिथंच."