बॅटरी का उतरते?

सोनगीरला घरासमोर उभ्या गाडीची बॅटरी सारखी उतरायची. डॅशकॅम मीच बसवलेला, म्हणून सुट्टीत पुण्याहून येऊन वायर, फ्यूज सगळं तपासलं. ठीक होतं. पार्किंग मोडमध्ये समोर काही हललं की कॅमेरा आपोआप सुरू होतो. मला शेळ्यांचा संशय.

रेकॉर्डिंग लावलं. बॉनेटसमोर आई, आणि दर वेळी शेजारी नवीच मुलगी. "ललित, मोबाइलमा दिखस ना? हाई शिरपूरनी शे. नीट दखी ले."

शेवटची मुलगी हसत काचेजवळ वाकली. "अहो, पार्किंग मोड बंद करा. बॅटरी उतरेल, पण मावशी थांबायच्या नाहीत."

मी मोड बंद केला आणि स्वयंपाकघराकडे ओरडलो, "आई, हाई शेवटली कोनी पोर शे?"