एक्केचाळीस मिनिटांची साक्ष

"नको वाटत असेल तर इथूनच परत फिरू," रॉस्को म्हणाला. गाडी त्याने विधानभवनाच्या मागच्या फाटकाशी थांबवली होती, पण इंजिन बंद केलं नव्हतं.

ऑर्फाने मांडीवरची पर्स घट्ट धरली. "तीन तास गाडी हाकलीस ती परत फिरायला?"

"तसं नव्हे, ऑर्फाबाई. आत ती माणसं काहीही विचारतात."

"विचारू देत."

रॉस्को प्रुइट टॅलो काउंटीच्या रुग्णवाहिका सेवेचा प्रमुख होता. प्रमुख म्हणजे काय, दोन गाड्यांपैकी जी चालू असेल ती चालवणारा. ऑर्फाचा नवरा डेल्मर गेल्या मार्चमध्ये गेला, तेव्हा गाडी घेऊन तोच आला होता. त्यानंतर उशिरा पोचला म्हणत गावाने त्याला पुरता सोलून काढला. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "रॉस्कोला कशाला बोलावता? थेट शववाहिकाच मागवा, एक फेरी वाचेल." रॉस्को अर्धवट कापलेल्या केसांनी खुर्चीत तसाच बसून राहिला. हे ऑर्फाच्या कानावर आलं, आणि त्या दिवसापासून तिला त्याच्याकडे मान वर करून बघवेना.

ज्या विधेयकावर ती आज समितीपुढे साक्ष देणार होती त्यात काय आहे, ते त्याने वाटेत तिला समजावलं होतं. रुग्णवाहिकावाल्यांनी राज्याकडे थोडे पैसे भरायचे, केंद्र सरकार त्यात दुपटीहून जास्त घालणार. सरकारी विम्याचा, मेडिकेडचा पेशंट नेला की आज जेमतेम डिझेल सुटतं. उद्या निदान माणसांचे पगार सुटतील. टॅलोत दर तिसऱ्या घरात मेडिकेडचं कार्ड. विधेयक पडलं तर जूनमध्ये सेवेला कुलूप.

कार्ड डेल्मरकडेही होतं. लाकडाची गिरणी बंद पडली तेव्हा घ्यावं लागलं. गरिबांचा सरकारी विमा आपल्या नावावर आहे, हे त्याने सख्ख्या भावालाही कळू दिलं नव्हतं. औषधं आणायला तो शेजारच्या काउंटीत जायचा, कारण गावातल्या औषधाच्या दुकानातली मुलगी चर्चमध्ये त्यांच्या पुढच्याच बाकावर बसायची.

सभागृह थंडगार होतं. ऑर्फाचं नाव पुकारलं गेलं. ती माइकसमोर बसली तेव्हा पर्स कुठे ठेवायची तेच तिला सुचेना. शेवटी तिने ती पोटाशीच धरली.

"घाई नाही, बाई. तुमच्या शब्दांत सांगा," अध्यक्षा म्हणाल्या.

"डेल्मर दोन वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात पडला. घड्याळ समोरच होतं. शेगडीवर बीन्स शिजत होते." ती थांबली. "रुग्णवाहिका दारात आली तेव्हा दोन एक्कावन्न झाले होते. एक्केचाळीस मिनिटं. तोवर तो गेला होता."

कुणीतरी खुर्ची सरकवली. सिनेटर ब्लेकनी चष्मा पुसायला लागले. गेल्या वर्षी हेच विधेयक त्यांनी हाणून पाडलं होतं.

"मिसेस टॅकेट, तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण विचारणं माझं काम आहे. एक्केचाळीस मिनिटं ही गाडी होती कुठे? पैसे वाढवून दिले म्हणजे सुस्त माणूस चपळ होतो का?"

ऑर्फाचे कान तापले. तिने मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत रॉस्को टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

"साहेब, त्या दिवशी..." तिचा आवाज फाटला. "त्या दिवशी खरं म्हणजे..."

"त्यांना नका विचारू, साहेब." रॉस्को उभा राहिला होता. "टॅलोचा रुग्णवाहिकावाला मी. मी पोचलो तेव्हा उशीर झालेला होता. त्याचा जाब मला विचारा."

"तुमची पाळी नाही, खाली बसा," अध्यक्षा म्हणाल्या.

ब्लेकनींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "निदान लाज तरी वाटते म्हणायची."

"वाटते, साहेब."

तो खाली बसला. ऑर्फाने अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं नाही. कुणी करायला सांगितलंही नाही. अध्यक्षांनी तिचे आभार मानले, शिपायाने तिला पाण्याचा पेला आणून दिला.

तासाभराने मतदान झालं. ब्लेकनींनी सगळ्यात शेवटी, कुणाकडे न बघता, बाजूने हात वर केला. विधेयक समितीतून पुढे गेलं.

बाहेरच्या दालनात दुसऱ्या एका काउंटीची परिचारिका ऑर्फाच्या गळ्यात पडली. "तुम्ही किती जणांचे जीव वाचवलेत, तुम्हाला कल्पना नाही," ती रडत म्हणाली. ऑर्फा लाकडासारखी ताठ उभी राहिली. तीच बाई रॉस्कोच्या शेजारून गेली तेव्हा तिने त्याच्याशी हातसुद्धा मिळवला नाही.

परतीच्या वाटेवर पेट्रोलपंपावर रॉस्कोने सफरचंद भरलेल्या दोन तळलेल्या पेस्ट्री घेतल्या आणि एक तिच्या हातात ठेवली. तिने कागदही उघडला नाही. गाडी डोंगराला लागली.

"का उठलास तू?" शेवटी तिने विचारलं.

"तुमचा आवाज थरथरत होता."

"वर्षभर गावाने तुझी सालटं काढली. आज सगळ्या राज्यापुढे तुझी शोभा झाली. एकदा तरी तोंड उघडायचंस, रॉस्को."

"उघडून काय सांगायचं?" त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"की बत्तीस मिनिटं मी फोन हातात धरून डेल्मरचं ऐकत बसले, गावाला कार्डाचं कळेल, कुणाला बोलावू नको म्हणत होता ते. आणि फोन केल्यावर तू नऊ मिनिटांत दारात होतास."