राख उडाली तो दिवस

सेनापती मेंग-थूनं सगळ्या सैन्यासमोर शुए-लानचं तोंड बांधलं. लोकरीची जाड पट्टी, नाकातोंडावरून वेढे, मागं घट्ट गाठ.

"मावशी, तुमची फुंकर फार लांब जाते म्हणतात," तो मोठ्यानं म्हणाला. सैनिक हसले.

"चूल पेटवण्यापुरती आहे," पट्टीआडून म्हातारी पुटपुटली. "तुझी विझली असेल तर सांग."

सैनिक आणखी हसले. मेंग-थू हसला नाही.

शुए-लान ही सूर्याची वाट पाहणारी बाई. फार पूर्वी राजानं चार भावंडांना चार दिशांना धाडलं होतं. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भावांनी दिवस-रात्र सारखी होते ते दिवस सांगायचे. दक्षिणेच्या भावानं सूर्य सर्वांत उंच चढून मागं फिरतो तो दिवस सांगायचा. उत्तरेचं हे गारठलेलं ठाणं बहिणीच्या वाट्याला आलं. सूर्य सर्वांत खाली उतरून पुन्हा वर वळतो, तो दिवस तिचा.

तो दिवस नुसत्या डोळ्यांना कळत नाही. निघायला तयार नसलेल्या पाहुण्यासारखा सूर्य उंबऱ्याशी रेंगाळतो, काठीची सावली जागची हलत नाही. म्हणून तिनं एक खोली बांधली होती. खिडकी नाही, चहूकडे रेशमी पडदे. जमिनीत बांबूची नळी पुरलेली, तिच्या तोंडाशी बोरूची हलकी राख. सूर्य वळला की पृथ्वी श्वास सोडते आणि राख उडते. मग खिंडीचं फाटक बंद होतं. त्या कोवळ्या श्वासावर कुणाचा पाय पडू नये, म्हणून वसंतात पूर्वेच्या भावाचा निरोप येईपर्यंत कोणतंही सैन्य हलत नाही. तोवर नदीवरचा बर्फ वितळलेला असतो.

आज बर्फ पक्का होता. सूर्य डोंगराला टेकला की नगारा वाजणार आणि सैन्य नदी ओलांडणार. पलीकडच्या काठावर, शत्रूच्या गावात, शुए-लानची लेक नांदत होती. ती गरोदर होती, दिवस भरत आले होते. मेंग-थूची दोन मुलं मागच्या हिवाळ्यात याच बर्फावर लढाईत पडली होती. तो सूड उगवायला आलाय, हे खिंडीतल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं.

दोघं आत गेले. मेंग-थूनं दार लावलं आणि नळीच्या पलीकडे बसला. मधे एकच दिवा. राख झोपलेल्या पाखराच्या पिसांसारखी मऊ, निश्चल. शुए-लाननं आयुष्यात कधी त्या राखेवर फुंकर मारली नव्हती. आज मारली असती. पट्टीच्या आत तिनं पुरी छाती रिती केली. दिव्याची ज्योतही हलली नाही.

बाहेर नगारजीनं कातडं चाचपलं. टम्. टम्.

तिनं डोळे मिटले. लेक अंगणात राळे निवडत बसलेली दिसली. तिच्या सुपातून दाण्यांऐवजी बर्फ पडत होता, आणि ती मान वर न करता तोही निवडत होती.

शुए-लाननं डोळे उघडले तेव्हा पडदे करडे झाले होते. नळी रिकामी होती. राख संथ तरंगत खाली येत होती. मेंग-थूच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याचे ओठ अजून गोल होते.

त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि दार उघडलं.

"सूर्य वळला! फाटक लावा!"

"म्हातारीनंच फुंकली असेल," कुणीतरी ओरडलं.

"कशानं? कानानं?" मेंग-थूनं तिला दंडाला धरून दारात उभं केलं. पट्टी जशीच्या तशी होती. मग एका सैनिकानं भाला टेकवला, मग दुसऱ्यानं. फाटकाचे अडसर सरकल्याचा आवाज खिंडभर घुमला.

आत येऊन त्यानं गाठ सोडली.

"म्हणजे मला वाचवायला तोंड बांधलंस होय रे?" ती कुजबुजली. "पण खोलीत तूही होतास. तुझ्यावर संशय आला असता तर?"

"माझ्यावर कोण घेणार, मावशी?" मेंग-थू म्हणाला. "माझी तर दोन मुलं गेलीत त्या बर्फावर."