मादनचं नाव

लिसी टीचर मादन काणीच्या ओसरीवर बसल्या त्या भिंतीकडे पाठ करूनच. भिंतीवर चौकटीत त्यांच्याच लेखाचं छापील पान होतं आणि पानावर मादनचं नाव.

आठ वर्षांपूर्वी अगस्त्य डोंगरात मादनने एक दगड उचलला, तर खाली एक लांबपाया. कोळ्याचाच भाऊबंद, पण जाळं न विणणारा. त्याच दगडाखालच्या काटेरी लांबपायासारखे याच्या मागच्या पायांवर काटे नाहीत म्हणून टीचरांनी नवी जात ठरवली आणि तिला मादनचं नाव दिलं. तेव्हापासून वस्ती त्याला शास्त्रज्ञ म्हणून चिडवायची, आणि तो खुशाल चिडवून घ्यायचा.

मादनने उकडलेला कप्पा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, आणि मिरचीची चटणी पुढे ठेवली. टीचरांनी ताटली बाजूला सरकवली. शेवटी एका दमात सांगून टाकलं. नवे नमुने आणून भिंगाखाली उघडले, तर बिनकाट्याच्या सगळ्या माद्या निघाल्या. त्यांचे नर म्हणजे तेच काटेरी, ज्यांना शंभर वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबाने नाव देऊन ठेवलंय. जात एकच. अशा वेळी जुनं नाव राहतं, नवं पुसलं जातं. नर की मादी हे आधी बघायचं, असं त्या स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आल्या होत्या. बोलता बोलता त्यांचे कान तापले.

"मी म्हणालो होतो तेव्हा," मादन हळूच म्हणाला. "दोघं एकाच दगडाखाली नांदतात, नवरा-बायको असतील. तुम्ही हसलात."

टीचरांना ते हसणं आठवलं. आपलं पुढचं वाक्यही आठवलं. अण्णा, तुम्ही दगड उचला, जाती मी ठरवते.

"मग परत का नाही बोललात?"

"नाव छापून आलं की माझं. मग कुठलं बोलतोय?" त्याने चौकट खिळ्यावरून काढली, कमरेच्या मुंडूच्या टोकाने पुसली आणि पालथी ठेवली. त्यालाही आता टीचरांकडे बघवेना.

"आता चूक सुधारून छापाल ना, टीचर? त्यात लिहा, मादनने सांगितलं होतं म्हणून."

तो लेख टीचरांच्या पिशवीत तयारच होता. पहिलीच ओळ होती, 'बारकाईने पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं.'

टीचरांनी कागद मांडीवर घेतला. पेन हाताशीच होतं. टोपण काढायला मात्र बराच वेळ लागला.