सुईची जागा

नवऱ्याचं रक्त यंत्रात घातलं आणि हातातला चहा निवायच्या आत निकाल आला, तेव्हाच शालनकाकूंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतक्या झटपट? हे आधीच ठरवलेलं दिसतंय.

"जंतू कळला, नेमकं औषध सुरू केलंय. काका वाचतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण आत शिरला कुठून? तुमच्याच सुईतून ना?"

"सुईच्या जागेतूनच. जंतू कुठला, तेही यंत्र सांगतं. हा जंतू स्वयंपाकघरातल्या मसाल्यांमधला आहे. सलाईनची पट्टी कुणी उघडली होती का?"

रोज सकाळी, सिस्टरची पाठ वळली की, काकू ती पट्टी उघडून काकांच्या सुजलेल्या हाताला मायेने घरची हळद लावत होत्या.

त्यांनी पिवळी बोटं हळूच पदराखाली घेतली.

"बघा, मला वाटलंच होतं! तुमचं यंत्रच खोटं!"