कावळ्यांनंतरचा दहावा

विज्ञानाने अखेर मृत्यूवर मात केली होती. निदान दहाव्यापुरती तरी. कावळे नामशेष झाल्यापासून पिंडाला शिवायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून गुरुजी आता घाटावर परीक्षानळी घेऊन येत. नळीत सिल्व्हर नायट्रेटचं नितळ पाणी असे. त्यात बायकोचा तितकाच नितळ अश्रू पडला, की त्यातलं क्लोराइड चांदीला धरी आणि दह्यासारखा पांढरा साका तळाशी बसे. मग आत्मा तृप्त आणि मंडळी जेवायला मोकळी.

"वहिनी, एकच थेंब," गुरुजी म्हणाले.

द्वारकाबाईंचे डोळे कोरडे. "होते तेवढे ते असतानाच संपले."

"आई, लोक काय म्हणतील?" मुलगा विश्वंभर कुजबुजला.

"जिवंतपणी तरी कुठं माया केली हिनं!" नणंद म्हणालीच.

गुरुजींनी नळी उपरण्याआड धरून सराईतपणे चिमूटभर मीठ सोडलं. साका बसला. सगळ्यांनी हात जोडले. नणंदेनं तर द्वारकाबाईंना मिठीच मारली.

त्या मिठीतूनच द्वारकाबाई म्हणाल्या, "गुरुजी, यांच्या रक्तदाबापायी मीही वर्षानुवर्षं अळणी जेवले. उरलेलं मीठ तेवढं माझ्या पानात वाढा."